आवाजासाठी राहुकाळ

तो आवाज पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा मी टेलिफोन नापास केला. एक नाही, ट्रे भरभरून नापास केले आणि तेही मोठ्या अभिमानानं.

के. आर. पुरमच्या अलीकडे टेलिफोनचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी रिसीव्हर तपासायला होतो. काम सोपं. तयार रिसीव्हर कानाला लावायचा, बटण दाबायचं, आत एकसारखा 'हूं' असा सूर यायला हवा. आला तर खडूची पांढरी खूण, खरखरला तर लाल. बेळगावहून मी बंगळूरला आलो तो याच नोकरीसाठी, आणि आमच्या खात्यात सगळ्यात तिखट कान माझे, अशी माझी ख्याती होती. ही ख्याती मीच पसरवली होती.

तर एका सकाळी रिसीव्हर कानाला लावला, 'हूं' आला आणि त्याच्या पाठीमागून एक गृहस्थ स्वच्छ मराठीत म्हणाले, "आता हा लाल खूण करणार."

मी लाल खूण केली. दुसरा उचलला. "हाही नापास करणार." केला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत माझ्या टेबलावर सगळा लालेलाल कारभार झाला, तेव्हा सुपरवायझर आले. कॅन्टोन्मेंटकडचे तमिळ गृहस्थ, आमच्याशी कन्नडमध्ये बोलत. त्यांनी पाच-सहा रिसीव्हर कानाला लावून पाहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"काय बिघडलंय यांत?"

"सर, आत माणूस बोलतोय. मुंबईची ट्रंक लाईन कुठून तरी आपल्या बोर्डात शिरली आहे."

"काय बोलतोय तो?"

"माझ्याबद्दल बोलतोय, सर."

"मुंबईहून ट्रंक लावून लोक तुझ्याबद्दल बोलतात?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मला मात्र अपमान वाटला. ते गेल्यावर वायर कुठून शिरली ते शोधायला मी टेबलाखाली रांगत गेलो. आवाज म्हणाला, "आता हा टेबलाखाली शिरला." मी खालूनच ओरडलो, "हो, शिरलो!" रिसीव्हर वर टेबलावर होता आणि मी खाली, वायरींच्या गुंत्यात. शहाण्या माणसाला एवढ्यावर कळलं असतं. मी अनुमान काढलं ते असं, की बिघाड माझ्या अंदाजापेक्षा मोठा आहे.

ते मात्र खरं निघालं.

कापसाचे बोळे

माझी बायको कमल नगरथपेठेतल्या जुन्या मराठी घराण्यातली. त्यांचे पूर्वज शहाजीराजांच्या मागोमाग इकडे आले, असं तिचे वडील सांगत. आणि त्यांच्या बोलण्यातला तपशील ऐकून ते स्वतःच बरोबर आले असावेत असं वाटे. त्या घरात वडिलांना अण्णा आणि थोरल्या बहिणीला अक्का म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. त्यांचं मराठी निम्मं कन्नड, माझं बेळगावी. आमच्या हलसूरच्या दोन खोल्यांत शुद्ध मराठी बोलणारं कुणी नव्हतं. आता एक जण आला.

तो मनात येणाऱ्या विचारासारखा नव्हता. हे मुद्दाम लिहितो, कारण पुढे मला पुष्कळांनी विचारलं. विचार कितीही वाईट असला तरी तो आपला आहे हे आपल्याला कळतं. हा आवाज डाव्या कानामागून, वीतभर अंतरावरून यायचा. त्याला घसा होता. मधूनच तो खाकरायचा. सुरुवातीला नुसतं वर्णन करायचा: आता हा चहा ओतणार, आता सांडणार. आणि खरोखर सांडायचा, कारण कुणी कानाशी असं बोलत असताना कोण नीट ओतेल?

मी कमलला सांगितलं नाही. पहिलटकरीण, पोटुशी, तिला कशाला घाबरवायचं, असं मी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मीच घाबरलो होतो. मी कानात कापसाचे बोळे घातले. त्याचा परिणाम असा झाला, की तो पहिल्याइतकाच स्पष्ट ऐकू येऊ लागला आणि कमल ऐकू येईनाशी झाली. ती दोन-दोनदा हाका मारी, मी भिंतीकडे बघून "गप्प बैस" म्हणे. ते मी तिला म्हणत नव्हतो. पण घरात दुसरं कुणी नव्हतं, मग तिनं काय समजावं?

ती रुसून आतल्या खोलीत जाऊन बसे. आवाज म्हणे, "तिला तू नकोस. माहेरी गेली की परत येणार नाही." आणि दिवस भरत आले तशी ती रीतीप्रमाणे माहेरी गेली. मला वाटलं, बघा, याला सगळं माहीत आहे.

टोपली

एका दुपारी तो "चल, निघ" म्हणाला आणि मी निघालो. अनवाणी. के. आर. पुरमच्या स्टेशनात फलाटाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. तिथे तो काय सांगत होता ते इथे लिहीत नाही. गाडी येत होती, एवढंच सांगतो.

माझ्या मागे एक भाजीवाली होती. पालेभाजीची भली मोठी टोपली तिच्या पुढ्यात. ती म्हणाली, "अण्णा, स्वल्प कै कोडी." दादा, जरा हात द्या. कुणी मोठ्या बाईनं ओझं उचलायला बोलावलं की नाही म्हणायचं नसतं, हे आमच्या घरी इतकं अंगात मुरवलेलं, की मी वळलो, टोपली धरली आणि तिच्या डोक्यावर चढवून दिली. टोपली कलली, कोथिंबिरीच्या जुड्या खाली पडल्या, त्या वेचल्या. तेवढ्यात गाडी येऊन थांबलीसुद्धा. बाई गाडीत चढल्या. माझ्याकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. माझी सगळी आभारांची यादी त्यांच्यापासून सुरू होते आणि मला त्यांचं नावही ठाऊक नाही.

मी बाकावर बसून रडू लागलो. स्टेशनातल्या एका कारकुनानं मला ओळखलं, रोज त्याच गाडीनं जाणारा म्हणून. त्यानं कारखान्यात फोन केला आणि संध्याकाळच्या आत अण्णा येऊन पोचले. ज्यांना हे वाचताना कुणाची आठवण होत असेल त्यांना एवढंच सांगतो: आवाज असं काही सांगू लागला तर त्याच क्षणी जवळच्या माणसाला हाक मारा. ओळखीचा असो नसो. मी मारली नव्हती. माझं नशीब, की एका बाईनं मला मारली.

शिकलेला आवाज

अण्णांच्या मनात आधी मांत्रिकाकडे जायचं होतं. कमलच्या थोरल्या बहिणीनं, अक्कांनी, ते मोडून काढलं. "मांत्रिकाकडे जायचं तर मग जा. आधी इस्पितळ." अक्का विधवा, मूल नाही, उंची बेताची, घरात शब्द शेवटचा. मनाच्या आजारांच्या सरकारी इस्पितळात रोग्याबरोबर घरचं एक माणूस राहू शकत होतं. कमल बाळंतपणाला टेकलेली, अण्णांचे गुडघे दुखत, माझी आई बेळगावात अंथरुणाला खिळलेली. अक्कांनी दोन लुगडी आणि कॉफीचं गाळणं पिशवीत घातलं आणि त्या माझ्याबरोबर आल्या. मेव्हणीनं बहिणीच्या नवऱ्याबरोबर इस्पितळात राहायचं, यावर पेठेत काय काय बोललं गेलं असेल! अक्कांनी ते मला कधी कळू दिलं नाही.

डॉक्टर मंगळूरकडचे कोकणी. माझ्याशी कोकणी वळणाचं मराठी बोलायचे. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "आवाज कुठच्या भाषेत बोलतो?"

"मराठीत."

"कसलं मराठी? तुझ्यासारखं?"

"छे हो! शुद्ध. 'मूर्ख' म्हणत नाही, 'निर्बुद्ध' म्हणतो."

"मग बरं आहे. शिकलेला आहे."

मला हसू आलं. किती दिवसांनी आलं ते आठवेना. अक्कांना नाही आलं. "डॉक्टर, थट्टा नको. हे बरे होतात की नाही, ते सांगा."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी इंग्रजी लिहिलं आणि कागद उलटा ठेवला. "आजाराचं नाव माझ्या उपयोगाचं. तुम्ही घरी दोन गोष्टी घेऊन जा. याला जे ऐकू येतं ते याला खरोखर ऐकू येतं, हा सोंग करत नाही. आणि बोलणारं बाहेर कुणी नाही, हेही तितकंच खरं. दोन्ही एकदम धरून ठेवायचं. एकच धरलं तर घोटाळा होतो."

पहिली गोष्ट ऐकली आणि मी अक्कांच्या देखत ढसाढसा रडलो. भीती वेडाची होतीच. त्याहून मोठी भीती होती, की कुणी खरं मानणार नाही.

वॉर्डातले दिवस

इस्पितळाचा दिनक्रम सोपा: उठा, गोळी, नाश्ता, झोप, जेवण, झोप, बागेत फेरी, गोळी, झोप. नव्यानं निघालेल्या गोळ्या होत्या. तोंडाला कोरड पडायची, जीभ जाड व्हायची, हात थरथरायचे. माझ्यासारख्या बडबड्याला जीभ जड होणं म्हणजे गवयाचा गळा बसणं. शॉकची मला फार धास्ती होती. कारखान्यात विजेचे चटके खाल्लेला माणूस मी. ती वेळ माझ्यावर आली नाही. ज्यांच्यावर आली त्यांतले दोघे माझ्या आधी हसत घरी गेले, हेही पाहिलं.

समोरच्या खाटेवर एक गृहस्थ अधूनमधून मोठ्यानं हुंदके देत. आपलंही असंच होणार, या विचारानं मी त्यांच्याकडे पाठ करून झोपे. नंतर सिस्टरकडून कळलं, की ते रोज तिच्याकडे खाट बदलून मागत होते. समोरचा माणूस भिंतीशी भांडतो, भीती वाटते, म्हणून.

अक्कांनी आठवडाभरात वॉर्ड ताब्यात घेतला. स्वयंपाक्याला तोंडावर विचारलं, "हा सारू आहे की हात धुतलेलं पाणी?" दुसऱ्या दिवसापासून साराला फोडणीचा वास येऊ लागला. माझ्याशी मात्र त्या अदबीनं वागत. "वसंतराव, जेवता ना?" "वसंतराव, गोळी." जावई होतो ना! एका दुपारी गोळीच्या गुंगीत मी जेवता जेवता ताटातच झोपलो. नाक थेट सारभातात. जाग आली ती अक्का माझं तोंड पदरानं पुसत होत्या तेव्हा. म्हणाल्या, "ऊठ की रे, वसंता. असं कुणी जेवतं?"

त्या दिवशी अक्कांच्या तोंडचं 'वसंतराव' गेलं ते परत आलं नाही. आई बेळगावात, मला 'अरे' म्हणणारं बंगळुरात कुणी नव्हतं. सारभातात नाक घालून जर ते मिळत असेल तर सौदा वाईट नाही.

अण्णांची अट

अण्णा एका सकाळी जरीकाठी उपरणं घेऊन, पेढ्यांची पुडी सांभाळत आले आणि बागेतल्या दगडी बाकावर माझ्याशेजारी बसले.

"मुलगी झाली. दोघी नीट आहेत. नाकीडोळी छान आहे पोर. तुमच्यावर गेली नाही."

मी पेढा तोंडात घातला. कोरड्या तोंडात तो विरघळेना. अण्णा बराच वेळ काठीनं माती उकरत बसले. मग म्हणाले, "वसंतराव, वाईट वाटून घेऊ नका. तो आवाज पुरता जाईल त्या दिवशी मी स्वतः कमलला आणि बाळाला तुमच्या घरी आणून सोडीन. तोवर त्या माझ्याकडे. तुम्ही वाईट नाही हो. पण उद्या त्यानं तुम्हाला बाळाबद्दल काही सांगितलं तर?"

आवाज म्हणाला, "आता दे उत्तर."

अण्णांचा राग आला नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण आज मीही मुलगी वाढवतो आहे आणि त्यांच्या जागी मी असतो तर पेढेसुद्धा आणले नसते.

तो गेला, असं मी सांगितलं

गोळ्यांनी गुण येत होता. आवाज आता कानाशी नव्हता. भिंतीपलीकडे शेजारी बोलावेत तसा पुटपुटत होता. पण पुरता गेला नव्हता, आणि अट पुरता जाण्याची होती. तेव्हा मी डॉक्टरांना सांगितलं, "गेला."

"असं? कधी?"

"गुरुवारी."

"गुरुवारी. सांगून गेला?"

"हो. येतो म्हणाला. म्हणजे, येत नाही म्हणाला."

मला साधं खोटं बोलता येत नाही. त्याला झालर लावल्याशिवाय राहवत नाही. डॉक्टर "हं" म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे गेले. अक्का नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्या अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसल्या होत्या. मीही सोलायला बसलो.

"कॉफी घेतोस?"

"... घेतो."

"साखर घालू?"

"... घाला."

अक्कांनी शेंग खाली ठेवली. "तू मधे कुणाला बोलू देतोस रे?"

"... कुणाला नाही."

"बघ, आत्तासुद्धा थांबलास. आधी तो बोलतो, तो संपला की मग तू. मोठ्यांच्या मधे बोलू नये म्हणून शिकवलंय ना आईनं?"

आईनं खरंच शिकवलं होतं. मी अक्कांचे हात धरले. "अक्का, अण्णांना सांगू नका. मला बाळ बघायचंय. कमलला आणायचंय."

"सरी, बरं," अक्का म्हणाल्या, हात पुसले आणि सरळ डॉक्टरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगून आल्या.

मी दिवसभर त्यांच्याशी बोललो नाही. त्या आणि तो आवाज, दोघांना गप्प ठेवायचा प्रयत्न करत होतो, एकालाही ठेवता आलं नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. खाटेवर बसले आणि म्हणाले, "गुरुवारी जाणारा आवाज मी अजून पाहिला नाही. तुझ्यावर विश्वास ठेवून मी गोळ्या कमी केल्या असत्या तर तू परत स्टेशनात उभा असतास. ऐक. तो कदाचित पुरता जाईल. कदाचित एका कोपऱ्यात राहील. असे राहिलेले लोक कचेऱ्यांत कामं करतात, पोरंबाळं वाढवतात. तुझ्या सासऱ्यांचा प्रश्न बरोबर आहे, फक्त अर्धा आहे. तो बोलतो की नाही, हे मी विचारत नाही. तो सांगतो ते तू करतोस का?"

"आता नाही करत."

"पण तो सोडत नाही?"

"'निघ' म्हणून सारखा घोकतो. ऐकून ऐकून पाय उचलतात."

डॉक्टरांनी अक्कांकडे पाहिलं. "याला काहीतरी युक्ती पाहिजे," म्हणाले. "माझ्याकडे गोळी आहे. युक्ती नाही."

राहुकाळ

अक्का मंगळवारी दुपारी बनशंकरीच्या देवळात जात. राहुकाळात लिंबाची साल उलटी करून तिच्यात तेलवात घालायची आणि देवीपुढे लावायची, हा तिथला नेम. त्या माझ्यासाठी दिवे लावत होत्या आणि मी बेळगावचा शहाणा त्यांची टिंगल करत होतो. आमच्याकडे राहुकाळाचं एवढं प्रस्थ नाही. इथे बंगळुरात मात्र दिवसातला तो दीड तास सगळ्यांना पाठ. रोज वेगळ्या वेळी येतो. त्या वेळात कुणी लग्न ठरवत नाही, घर सोडून निघत नाही, नवं काही सुरू करत नाही. बाकी जेवतात, झोपतात, गप्पा मारतात.

एका मंगळवारी त्यांना ताप होता, म्हणून देवळात गेल्या नाहीत. भर दुपारी आवाज पुन्हा सुरू झाला. "निघ इथून. आत्ताच्या आत्ता निघ." मी चपला शोधू लागलो.

"काय म्हणतो?" अक्कांनी विचारलं. शेजारणीनं काय निरोप दिला असं विचारावं, तसं.

"निघ म्हणतो."

त्यांनी दारावरच्या घड्याळाकडे पाहिलं. "आत्ता? आत्ता राहुकाळ चाललाय. राहुकाळात कुणी घराबाहेर पडतं? सांग त्याला."

"अक्का, काहीतरीच काय!"

"सांगून तर बघ. तुझं काय जातं?"

मी मनातल्या मनात म्हटलं, 'राहुकाळ आहे. नंतर बघू.'

आणि तो घोटाळला. खरंच सांगतो. मला निर्बुद्ध म्हणणारा, पुस्तकी मराठी बोलणारा तो विद्वान. पण राहुकाळावर त्याची तयारी नव्हती. तो "निघ" म्हणाला, पण पहिला जोर नव्हता. मी चपला खाटेखाली ढकलल्या आणि बसून राहिलो. तो बोलत होता आणि मी बसलो होतो. या दोन गोष्टी एका वेळी होऊ शकतात, हे मला त्या दुपारपर्यंत माहीतच नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "त्याचं सगळं बोलणं राहुकाळातलं समज, वसंता. ऐकायचं तर ऐक. पण त्याच्या बोलण्यावर निघू नको, काही ठरवू नको, काही सुरू करू नको. आणि सारखी कटकट करायला लागला तर त्याला वेळ नेमून दे. रोजच्या राहुकाळात ये म्हणावं, तेव्हा ऐकतो. इतर वेळी मला कामं आहेत."

मी तसं करू लागलो. रोज तो दीड तास बागेतल्या बाकावर बसायचं आणि त्याला बोलू द्यायचं. इतर वेळी आला की 'राहुकाळात ये' म्हणायचं आणि शेंगा सोलायच्या. काही दिवशी तो निमूट जाई. काही दिवशी गोळी, राहू आणि अक्का तिघांनाही दाद देत नसे. अशा दिवशी अक्का नुसत्या शेजारी बसून राहत. तेही औषधच होतं.

डॉक्टर ऐकून हसले. "माझ्या पुस्तकात हे नाही. पण चालू दे." अर्थात यातही मी माती खाल्ली. सोमवारी राहुकाळ सकाळी येतो. त्या वेळी आलेली गोळी मी परत केली, नवं काही सुरू करायचं नाही म्हणून. सिस्टरनं अक्कांना बोलावलं. अक्का म्हणाल्या, "कॉफी प्यायलास ना आत्ता? मग गोळी गीळ, सुम्ने." निमूटपणे गिळली.

आज

या सगळ्याला आता बरीच वर्षं झाली. माझी मुलगी शाळेत जाते. गोळी अजून चालू आहे, थोडी. आवाज लांबच्या नातेवाइकासारखा कधीतरी येतो, बहुतेक मी थकलेलो असलो की. येतो, दोन शब्द बोलतो, जातो. सुपरवायझरांनी माझी नोकरी ठेवली. माझं कानाचं काम काढून हाताचं दिलं, टेलिफोनच्या वायरी गुंफायचं. त्यांनी कुणालाही कारण सांगितलं नाही. कॅन्टीनमध्ये अजूनही माझ्याच बाकावर बसतात.

घरात असा कुणी असेल, त्यांना माझ्या अनुभवावरून एवढंच सांगावंसं वाटतं. 'कुठे आहे आवाज? आम्हाला तर ऐकू येत नाही' म्हणून त्याच्याशी वाद घालू नका, आणि 'हो हो, आम्हालाही येतो' म्हणून समजूतही घालू नका. 'काय म्हणतो?' असं विचारा. अक्कांनी विचारलं तसं. उत्तर ऐकून घाबरू नका, आणि घाबरलात तर डॉक्टरांकडे जा.

हे सगळं नंतरचं. इस्पितळातून सुटलो त्या दिवशी मला यातलं काही ठाऊक नव्हतं. अक्का मला घेऊन थेट नगरथपेठेत गेल्या. अण्णा पडवीत खुर्चीवर बसले होते. कमल आतल्या दारात उभी, खांद्यावर बाळ. मला फक्त दुपट्याची टोकं दिसत होती.

"आवाज गेला?" अण्णांनी विचारलं.

अक्का माझ्याकडे बघत होत्या.

"नाही, अण्णा," मी म्हणालो. "पुरता गेला नाही. कदाचित जाणारही नाही."

मग मला थांबायला हवं होतं. पण घाबरलो की माझी जीभ सुटते, आणि आता तिचा जडपणाही गेला होता. मी टेलिफोनपासून सुरुवात केली. मुंबईची ट्रंक लाईन झाली, कापसाचे बोळे झाले, भाजीवाली झाली, डॉक्टरांचं मराठी, स्वयंपाक्याचा सारू, राहुकाळ आणि सोमवारची गोळी झाली. अण्णांच्या हातातली कॉफी गार झाली. एक शेजारीण निरोप द्यायला आली आणि अर्धं ऐकून गेली. अखेर श्वास घ्यायला थांबलो, तेव्हा अण्णा कमलकडे वळले.

"मी अट घातली होती. ती काही पुरी झाली नाही. पण राहायचं तुला आहे. तू सांग."

कमल माझ्याजवळ आली. इतक्या दिवसांनी तिनं मला एकच प्रश्न विचारला.

"तो हिच्याबद्दल काही म्हणाला तर?"

"तर हिला तुझ्याकडे देईन, तुला सांगीन आणि अक्कांना बोलावीन. त्यानंतर डॉक्टर."

तिनं बाळ माझ्या हातात दिलं. मुलगी जड होती, गरम होती आणि खरंच माझ्यावर गेली नव्हती.

"अण्णा," कमल म्हणाली, "सामान बांधते मी. त्यांच्या कानातला तो माणूस मला कधी ऐकू आलेला नाही, त्याचा मला काय त्रास? हे स्वतः बोलायला लागले की थांबत नाहीत. त्याच्यावर काही गोळी आहे का, तेवढं डॉक्टरांना विचारा."